बाई, तुम्ही घर माझ्यावर टाकून बँकेत गेलात

आदरणीय बाईंना शि. सा. नमस्कार.

हे सांगायला तीनदा तुमच्याकडे आलो आणि तीनदा नुसता चहा पिऊन परत गेलो. म्हणून लिहितोय, आणि चारचौघांत लिहितोय, कारण माझी बदनामीही चारचौघांतच झाली.

मी वायरमन. २०११ साली एका आजींच्या घरी फिटिंगचं काम केलं. आठवड्याने त्यांचा खून झाला, दागिने गेले, आणि पोलिसांनी मला उचललं. जन्मठेप लागली. २०२१ मध्ये हायकोर्टाने निर्दोष सोडलं. मधल्या दहा वर्षांचं इथे काही सांगत नाही.

सुटल्यावर वाटलं होतं, निकालाची प्रत दाखवली की झालं. लॅमिनेशन करून पिशवीत ठेवली होती. कुणी वाचली नाही. "पुराव्याअभावी सुटला", "वकील तगडा असेल", "काहीतरी असल्याशिवाय का धरलं?" ज्यांच्या घरात मी लग्नाआधीपासून कामं केली, त्यांनी दाराची साखळी न काढता फटीतूनच काम नाही म्हणून सांगितलं. सख्ख्या चुलत्यांनी मुलीच्या लग्नपत्रिकेतून माझं नाव गाळलं. ज्या पेपराने माझा फोटो पहिल्या पानावर छापला, त्याने सुटकेच्या चार ओळी आत कुठेतरी दिल्या, त्यातही आडनाव चुकवलं. अटक झाली तेव्हा यातल्या एकानेही पुरावा विचारला नव्हता.

आत असताना, २०१९ च्या मार्चमध्ये, बराकीत एकाने बातमी मोठ्याने वाचली होती. आपल्याच राज्यातले, भटक्या जमातीतले सहा जण. सुप्रीम कोर्टाने २००९ मध्ये सहाही जणांना फाशीच ठरवली होती. त्याच कोर्टाने आता त्यांना निर्दोष ठरवलं आणि सरकारला प्रत्येकी ५ लाख भरपाई द्यायला लावली. तोवर त्यांची १६ वर्षं गेली होती. आम्ही ती बातमी पुन्हा एकदा वाचून घेतली. तेव्हा मला त्यात फक्त सुटका दिसली. आता मनात येतं, ते परतले तेव्हा त्यांना कुणी उंबऱ्याच्या आत घेतलं असेल का? चुकीच्या खटल्यात भरडलेल्यांना भरपाई मिळावी, पुन्हा उभं राहायला मदत मिळावी, त्यासाठी कायदा करा, असं विधी आयोगाने २०१८ मध्ये सरकारला सांगितलंय. कायदा अजून झालेला नाही. व्हायलाच हवा. पण शेजाऱ्याच्या दाराची साखळी त्याने निघेल असं मला वाटत नाही.

तुमचा फोन आला तेव्हा मी आधी सगळं सांगून टाकलं. तुम्ही म्हणालात, "माहितीय रे मला. पंखा हळू फिरतोय, उद्या दहाला ये."

नुसता कंडेन्सर गेला होता. मी घोड्यावर चढून पंख्याचा कप सोडवत होतो, तेवढ्यात तुम्ही पिशवी घेऊन निघालात. "पेन्शन काढून येते. तुझं झालं तर दार ओढून घे."

जिन्यातला तुमच्या चपलांचा आवाज थांबला तरी मी वरच होतो. तिथून ओटा दिसत होता. कणकेच्या परातीशेजारी तुम्ही काढून ठेवलेल्या दोन पाटल्या होत्या. हात असे थरथरायला लागले की स्क्रू दोनदा खाली पडला. घसा कोरडा पडला होता, पण माठ ओट्यापाशी, म्हणून पाण्यालाही गेलो नाही. पंखा सुरू केला आणि उंबऱ्याबाहेर पायरीवर जाऊन बसलो.

तासाभराने तुम्ही आलात. "अरे, बाहेर का बसलास? पाणी तरी घेतलंस का?" मी मान हलवली. तुम्ही आत जाऊन तांब्या भरून आणलात आणि मी पीत होतो तोवर माझ्या शेजारी पायरीवर बसलात. केसबद्दल एक शब्द नाही. मी निघालो तेव्हाही पाटल्या तिथेच होत्या.

त्या दिवशी घरी जाऊन खूप रडलो. हायकोर्टाचा निकाल आला तेव्हाही इतकं रडलो नव्हतो.

पुढच्या आठवड्यात तुमच्या खालच्या मजल्यावरून बोलावणं आलं, मग समोरच्या वाड्यातून. तुम्ही कुणाला काय सांगितलंत ते कधी बोलला नाहीत, मीही विचारलं नाही. माणुसकी, भलेपणा हे शब्द कानावर आले की मला भरलेला तांब्या आणि पायरीवर टेकलेल्या तुम्ही दिसता. अशी माणसं प्रत्येक आळीत असणार. ती पुढे होऊन बोलत नाहीत, त्यामुळे साखळी लावणाऱ्यांचाच आवाज मोठा वाटतो.

मिक्सरचा पॉइंट सैल झालाय म्हणालात. गुरुवारी सकाळी येतो. तुम्हाला कुठे जायचं असेल तर खुशाल जा. पाणी माझं मी घेईन.

आपला,
वायरमन