कामगार मंत्र्यांना खुले पत्र : समेटाच्या पहिल्या बैठकीची मुदत नियमात लिहा

मा. कामगार मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

सप्रेम नमस्कार.

जळगाव एमआयडीसीतल्या पाइप, चटई किंवा डाळीच्या कारखान्यात युनियन उभी राहिली, की पहिला घाव कमिटीवरच्या माणसांवर पडतो. त्यांना वाचवायची तरतूद कायद्यात आहे. पण तिला एक भगदाड आहे, आणि ते बुजवणे राज्याच्या हातात आहे. (भुसावळची रेल्वे आणि ऑर्डनन्स फॅक्टरी केंद्राच्या कक्षेत येतात, त्यांचे गाऱ्हाणे इथे नाही.)

21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेच्या कलम 90 मध्ये 'संरक्षित कामगार' आहे. एकूण कामगारांच्या एक टक्का, पण कमीत कमी 5 आणि जास्तीत जास्त 100 पदाधिकारी. म्हणजे 140 कामगारांच्या चटई कारखान्यातही पाच जण. वाद प्रलंबित असताना, म्हणजे समेट अधिकारी (दोन्ही बाजूंत तडजोड घडवणारा सरकारी अधिकारी) किंवा न्यायाधिकरणापुढे तो चालू असताना, यांना काढायचे किंवा शिक्षा करायची, तर मालकाला त्यांची आधी लेखी परवानगी लागते. बाकीच्यांना, गैरवर्तनाचा वादाशी संबंध नसेल तर, महिन्याचा पगार देऊन काढता येते, मात्र मंजुरीचा अर्ज सोबत करावा लागतो.

मेख 'प्रलंबित' या शब्दात आहे. संपाची नोटीस किमान 14 दिवस आधी द्यावी लागते. पण कलम 54 प्रमाणे समेटाची कार्यवाही सुरू झाली असे धरायचे ते समेट अधिकाऱ्याने पहिली बैठक घेतली त्या दिवसापासून. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात, निदान सार्वजनिक सेवेच्या उद्योगांत, नोटीस अधिकाऱ्याच्या हाती पडली तो दिवस धरत. आता नोटीस आणि बैठक यांच्यामधले दिवस उघडे राहतात. कमिटीवाल्यांना गेट बंद व्हायचे ते याच दिवसांत. त्यांना वाटते, युनियनने मालकाला दिलेल्या संरक्षित कामगारांच्या यादीत नाव आहे म्हणजे बारमाही कवच आहे. तसे नाही. चौकशीपूर्व निलंबन तर शिक्षाच धरली जात नाही. त्या काळात निर्वाह भत्ता मिळतो तो पहिले 90 दिवस पगाराच्या निम्मा, आणि दिरंगाई कामगाराची नसेल तर पुढे 75 टक्के. घर चालवायला निम्म्या पगारावर तीन महिने म्हणजे बरेच झाले, साहेब.

समेटाची पद्धत नियमांनी ठरते. त्या नियमांत एवढे लिहा : नोटीस मिळाल्यापासून तीन दिवसांत पहिली बैठक, आणि तिची तारीख नोटिशीच्या पोचपावतीवरच.

दुसरी अडचण यादीची. मालकाने मान्यता दिल्याशिवाय संरक्षण मिळत नाही, आणि यादी शिफ्ट सुपरवायझरच्या हातात दिली की नंतर 'मिळालीच नाही' हे उत्तर ठरलेले. म्हणून आम्ही सभासदांना सांगतो, स्पीड पोस्टाने पाठवा, प्रत कामगार कार्यालयात द्या, आवक क्रमांक घ्या, आणि कमिटी बदलली की त्याच आठवड्यात नवी यादी द्या. नियमात तुम्ही 15 दिवसांची मुदत घाला. तेवढ्यात लेखी हरकत आली नाही, तर मान्यता दिली असे धरावे. आणि ती यादी कारखान्याच्या फलकावर मराठीत लावणे सक्तीचे करा.

आपले,
जळगाव-धुळे परिसरातील कामगार प्रतिनिधी