पुस्तक मराठीत आणायची परवानगी आधीच मिळालेली आहे

संपादक महोदय,

नव्या शैक्षणिक धोरणाचे अभ्यासक्रम गडचिरोली-चंद्रपूरच्या महाविद्यालयांत लागू झाले, पण त्यातल्या कितीतरी विषयांना मराठीत धड पुस्तक नाही. मुले गाइडवर भागवतात. गोंडवाना आणि अमरावती विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांनी मुक्त परवान्याची, म्हणजे भाषांतराची आणि छपाईची मुभा आधीच दिलेली पुस्तके मराठीत आणावीत, ही आमची मागणी आहे.

कॅलिफोर्नियातील डी अँझा या कम्युनिटी कॉलेजच्या दोन प्राध्यापिकांनी लिहिलेले संख्याशास्त्राचे पुस्तक राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्स या मोफत पाठ्यपुस्तकांच्या प्रकल्पाने 2013 मध्ये सर्वांसाठी खुले केले. प्रकरणे 13. मूळ लेखकांचे श्रेय दिले की भाषांतर, बदल, छपाई सगळे चालते. पीडीएफ फुकट मिळाली म्हणजे एवढी मुभा असतेच असे नाही. ‘सर्व हक्क राखीव’ असेल तर पुस्तक फक्त वाचता येते. परवान्यात ‘एनडी’ असेल तर भाषांतर प्रसिद्ध करता येत नाही, ‘एनसी’ असेल तर धंदा करता येत नाही. एकाच प्रकाशकाच्या दोन पुस्तकांचे परवानेही वेगळे असतात, म्हणून पुस्तकातले परवान्याचे पान आधी वाचावे.

काम सुरू करताना घटकवार तक्ता करून आपल्या अभ्यासक्रमाला लागतील तेवढीच प्रकरणे घ्यावीत. लेखणी उचलण्यापूर्वी परिभाषा कोशावरून शब्दांची यादी ठरवावी. नाहीतर एका प्रकरणात ‘प्रमाण विचलन’ आणि दुसऱ्यात हिंदीतले ‘मानक विचलन’ येते, अन् मुलांना त्या दोन वेगळ्या गोष्टी वाटतात. डॉलर आणि फॅरनहाइटची उदाहरणे काढून कापसाचे एकरी उत्पादन, बाजार समितीतले तुरीचे भाव, तालुकावार पाऊस घालावा. हेच खरे मोलाचे काम आहे, आणि ते इथलाच शिक्षक करू शकतो.

टंकन युनिकोडमध्येच हवे. जुन्या फॉन्टमधला मजकूर मोबाइलवर अगम्य चिन्हांसारखा दिसतो, शोधताही येत नाही. गूगलवरून उचललेले एखादे छायाचित्रही अख्ख्या पुस्तकाचा परवाना अडचणीत आणते.

नेटवर्क क्षीण असलेल्या गावांसाठी प्रकरणवार लहान फाइली कराव्यात आणि ग्रंथालयाच्या संगणकावरून पेन ड्राइव्हने द्याव्यात. पाने ए-फाइव्ह आकारात मांडली तर 200 पानांचे पुस्तक पाठपोट छापून ए-फोरच्या 50 कागदांत बसते. आलेखात लाल-निळ्या रेषा नकोत, झेरॉक्समध्ये दोन्ही सारख्याच करड्या होतात. एक सलग, एक तुटक ठेवावी.

शिक्षकांचा वेळ फुकट मागू नये. यूजीसीच्या 2018 च्या नियमावलीत ई-साहित्य निर्मितीला गुण आहेत. मंडळांनी त्यासाठी रीतसर नेमणूकपत्रे द्यावीत आणि पीडीएफसोबत दुरुस्त करता येईल अशी मूळ फाइलही विद्यापीठाच्या संकेतस्थळावर ठेवावी.

— ग्रामीण महाविद्यालयांतील काही ग्रंथपाल, जि. गडचिरोली