योकोहामाहून: चिकन कात्सू करी आणि तळणीचे तेल

योकोहामा,
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

तीर्थस्वरूप आई आणि बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

माझी तब्येत उत्तम आहे आणि जेवणाची आबाळ मुळीच होत नाही, हे सर्वांत आधी लिहिते. आई, इकडच्या जपानी करीत गाईची चरबी असते हे खरे का, असे तू फोनवर दोनदा विचारलेस. दुकानात करीच्या तयार वड्या मिळतात आणि त्यांतल्या बऱ्याच वड्यांत गाईची किंवा डुकराची चरबी असते, हे खरे आहे. पण म्हणूनच ‘ग्यूशी’, म्हणजे गाईची चरबी, हा शब्द पाकिटावर ओळखायला मी आल्या आल्या शिकले, आणि तशी वडी आजवर घरात आणलेली नाही. तेव्हा ती काळजी सोड.

गेल्या रविवारी चिकन कात्सू करी, म्हणजे चुऱ्यात घोळवून तळलेले चिकन (कात्सू) आणि भातावर करीचा रस्सा, मी सगळी घरीच केली. लाडवांसाठी तू बेसन भाजतेस तसा, हात न थांबवता, वीस मिनिटे लोण्यावर मैदा भाजला, बदामी रंग आल्यावर त्यात करीची पूड घातली आणि शिजलेल्या कांदा, गाजर, बटाट्यात ते कालवले. शेवटी किसलेले सफरचंद आणि मध घातला. रश्श्यात सफरचंद म्हटल्यावर तू कपाळाला हात लावशील, पण ही करी मेजी काळात, म्हणजे सुमारे दीडशे वर्षांपूर्वी, इंग्रजांकडून इकडे आली आणि इथल्या जिभेला ती गोडसरच आवडते.

चिकनचे तुकडे ठोकून सारख्या जाडीचे केले, मीठ-मिरपूड लावली आणि आधी मैद्यात, मग फेटलेल्या अंड्यात, मग पानकोत घोळवले. पानको म्हणजे ब्रेडचा चुरा, पण आपल्यासारखा बारीक नव्हे, तर मोठ्या, हलक्या पापुद्र्यांचा. त्यामुळे तळल्यावर वरचे आवरण खुसखुशीत होते. लाकडी चॉपस्टिकचे टोक तेलात बुडवले आणि भोवती बारीक बुडबुडे उठले, की तेल तापले असे समजतात. रस्सा भाताच्या एका बाजूलाच वाढतात, म्हणजे कात्सू मऊ पडत नाही.

तळणीच्या तेलाचे मात्र नीट समजावून सांगते, कारण मलाही ते समजायला वेळ लागला. इथे उरलेले तेल मोरीत ओतत नाहीत, आणि एकट्या माणसाला ते पुन्हा वापरायची संधी फारशी येत नाही. म्हणून एरंडेलापासून केलेली एक पूड मिळते. गॅस बंद करून तेल गरम असतानाच ती ढवळायची आणि कढई तशीच ठेवायची. तेल निवले की त्याची खरवसासारखी घट्ट वडी होते, ती उलथन्याने कडेने सोडवून जळणाऱ्या कचऱ्याच्या पिशवीत टाकायची, आणि ती पिशवीही ठरलेल्या वारीच बाहेर ठेवायची. तू तळणीचे तेल गाळून फोडणीला वापरतेस, म्हणून पहिल्यांदा ती वडी टाकताना माझा हात अडला होता. पण शेजारच्या आजींनी स्वतः उभे राहून मला हे शिकवले, तेव्हा मी इथे एकटी नाही, हेही यावरून समजून घे.

बाबा, कर्जाचा हप्ता आणि वर साठ हजार रुपये कार्यासाठी पाठवले आहेत. हॉलची आगाऊ रक्कम त्यातूनच द्या, ठेव मोडू नका. माझ्या स्थळाचे धाकटीचे लग्न झाल्यावर बोलू. डिसेंबरात तिच्या साखरपुड्याला मात्र मला येता येणार नाही. रजा फेब्रुवारीतल्या लग्नासाठी राखून ठेवली आहे आणि तेव्हा मी नक्की येईन. हे मी फोनवर सांगायला हवे होते. तीनदा फोन केला आणि तीनही वेळा बोलले नाही. तिला तुम्हीच सांगा, आणि ती रडली तर तसे मला कळवा.

कळावे,
तुमची लेक

ता. क. साखरपुड्याच्या वेळी फोन देवघराशेजारच्या कोनाड्यात टेकवून ठेवा, तिथून मला पाट दिसेल.