पाकिटावरची तीन अक्षरं

मा. संपादक,

आपल्या रविवारच्या पुरवणीतला जपानच्या खाद्यभ्रमंतीवरचा लेख वाचला. काइसेनदोन, म्हणजे भातावर कच्चे मासे रचून देतात तो वाडगा, खाणं लेखात ‘धाडस’ ठरलं आहे आणि ते डोळे मिटून पार पाडल्याचं वर्णन आहे. मी अकरा वर्षं तोक्योच्या निशिकासाई भागात राहते. आठवड्यातून एकदा तरी हा वाडगा आमच्या घरी होतो, म्हणून राहवलं नाही.

सगळी मेख भातात आहे. आखूड दाण्याचा चिकट भात गरम असतानाच त्यात व्हिनेगर, साखर, मीठ कालवायचं आणि पंख्याने वारा घालत तो हाताला जेमतेम कोमट लागेपर्यंत निववायचा. भात गरम राहिला तर ट्यूनाच्या कापाची कड बघता बघता पांढुरकी होते, आणि फ्रिजमधला गार भात दाताखाली टरटरतो. ट्यूनाचा गोठलेला ठोकळा मी मिठाच्या कोमट पाण्यात काही मिनिटं धरते, पुसते, कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवते. तासाभराने उघडलं की तपकिरी वाटणारा तो ठोकळा लालबुंद झालेला असतो. मग काप काढायचे, भातावर नोरीचा, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा चुरा, त्यावर ट्यूना, स्कॅलॉप हा शिंपला, गोड कोळंबी, शिसो या सुवासिक पाल्याचं एक पान. वासाबी, म्हणजे झणझणीत हिरवी चटणी, शोयूत, म्हणजे सोया सॉसमध्ये कालवून वरून धार सोडायची. बस्स.

‘गोठलेला’ वाचून नाक मुरडू नका. खोल समुद्रातला ट्यूना बोटीवरच उणे ६० अंशांच्या आसपास गोठवतात, म्हणून तर तो महिनोन् महिने टिकतो. ‘ताजा म्हणजे कच्चा खाण्याजोगा’ ही समजूत मीही इथे घेऊन आले होते आणि तिची किंमत मोजली. चार वर्षांपूर्वी बाजारात साबा दिसला, आपल्या बांगड्याचाच भाऊबंद. डोळे चकचकीत, कल्ले लाल. लहानपणापासून हेच पाहायला शिकलेली मी, पाकिटावरचं काही न वाचता घेऊन आले. मीठ लावलं, व्हिनेगरमध्ये मुरवला, वाडग्यात रचला. चव उत्तम होती. मध्यरात्री पोटात अशी कळ आली की सरळ बसवेना. दवाखान्यात दुर्बीण घातली तेव्हा जठराच्या भिंतीला चिकटलेला पांढऱ्या दोऱ्यासारखा, दोनेक सेंटीमीटरचा किडा पडद्यावर मला स्वतःला दिसला. तो अनिसाकिस, कच्च्या माशातून पोटात जाणारा परजीवी. डॉक्टरांनी चिमट्याने ओढून काढला आणि कळ ओसरली.

व्हिनेगर, मीठ, शोयू, वासाबी यांतल्या कशानेही हा किडा मरत नाही. मासा उणे २० अंशांत २४ तास गोठवला किंवा नीट शिजवला तरच तो मरतो, असं जपानचं आरोग्य मंत्रालय सांगतं. म्हणून पाकिटावरची तीन जपानी चित्राक्षरं वाचायची: ‘सेइशोकुयो’ म्हणजे कच्चं खाण्यासाठी, ‘कानेत्सुयो’ म्हणजे शिजवण्यासाठी. कालवांच्या बाबतीत तर हा फरक ताजेपणाचा नसतोच, ती कुठल्या पाण्यातून काढली आणि कशी शुद्ध केली याचा असतो. लेखात या अक्षरांबद्दल एक ओळ असती तर घर भाड्याने घेऊन राहणाऱ्या मराठी पर्यटकांना मोठा उपयोग झाला असता.

सामन (सॅल्मन) हा ‘प्राचीन जपानी परंपरेचा मानकरी’ असल्याचंही छापून आलं आहे. तसं नाही. जपानी माणूस सामन शिजवूनच खायचा, कारण हाच किडा. कच्चा खायला लावला तो नॉर्वेने, आपला पाळीव सामन विकण्यासाठी, १९८०च्या दशकापासून. उत्तरेकडच्या होक्काइदो बेटाचे मूळ रहिवासी आइनु लोक मात्र सामन गोठवून अर्धवट वितळलेला खात, त्याला ‘रुइबे’ म्हणतात. थंडीचं महत्त्व त्यांना केव्हाच उमगलं होतं.

आणखी एक दुरुस्ती. ट्यूनाचा लिलाव आता तोक्योच्या त्सुकिजी मासळीबाजारात होत नाही. तो बाजार ऑक्टोबर २०१८ मध्ये तोयोसूला गेला. त्सुकिजीत बाहेरची दुकानं आहेत, तिथे वाडगा मिळतो, पण गर्दी फार. मला विचाराल तर होक्काइदोतल्या कुशिरोचा वाशो बाजार गाठा. तिथे आधी नुसत्या भाताचा वाडगा विकत घ्यायचा आणि गाळ्यागाळ्यांवर फिरत हवा तो तुकडा वर ठेवून घ्यायचा. ‘कात्तेदोन’ म्हणतात त्याला, मर्जीचा वाडगा. एका गाळ्यावरच्या आजींनी माझ्या भातावर उनीचा, म्हणजे काटेरी समुद्री जीवाचा केशरी गर ठेवला आणि शोयूची बाटली माझ्या हातून काढून घेतली. आधी तसाच खा म्हणाल्या. लोण्यासारखा विरघळला, मागे समुद्राचा खारटपणा राहिला. त्यांचं बरोबर होतं. वेळ नसेल तर त्याच बेटावरच्या हाकोदातेचा सकाळचा बाजार स्टेशनला लागूनच आहे.

सध्या इकडे शरद ऋतू आहे, सामनची गाबोळी पडद्यासकट मिळते आहे. काल मिठाच्या कोमट पाण्यात तिचे दाणे सोडवले. ते आधी पांढुरके होतात, शोयूत घातले की पुन्हा काचेसारखे पारदर्शक. घरचा फ्रीजर उणे २० इतका थंड नसतो, म्हणून मी ते दोन दिवस गोठवते. परवा रात्री वाडगे भरू.

— एक वाचक, निशिकासाई, तोक्यो