काकांच्या कॅसेट्ससाठी हार्ड डिस्क

फोंडा,
५ जुलै २०२५

प्रिय बाबू,

सप्रेम नमस्कार.

परवा तुझा फोन आला तेव्हा पाऊस असा कोसळत होता की तुझं अर्धं बोलणं पत्र्याच्या आवाजात बुडालं. मी ‘बघू, सांगतो’ म्हणून ठेवला, पण मनातून विषय जाईना. उद्या आषाढी. साखळीच्या विठ्ठलाच्या देवळात काका टाळ घेऊन उभे राहायचे ते आठवलं आणि ठरवलं, आज लिहायचंच.

तुला कुणीतरी १६ टीबीची (म्हणजे १६ हजार जीबीची) जुनी, ‘रिफर्बिश्ड’ डिस्क स्वस्तात देतोय आणि काकांच्या सगळ्या कॅसेट्स तीत टाकून मोकळं व्हायचं असं तू म्हणालास. ती घेऊ नकोस. डिस्क वाईटच असेल असं नाही. पण एका डिस्कवर सगळं ठेवणं म्हणजे काय, ते मी भोगलंय. आई गेली त्याच्या आधीच्या चवथीला तिने शेजारणींना घेऊन फुगडी घातली होती, गाणीही तीच सांगत होती. ते चित्रण माझ्या एका २ टीबीच्या बाहेरच्या डिस्कवर होतं, दुसरीकडे कुठेच नाही. एका जुलैत डिस्क लावली तर टक् टक् असा आवाज, आणि संगणकाला ती दिसेचना. पणजीत एकाकडे दिली. त्याने पैसे घेऊन लग्नांचे बरेचसे फोटो काढून दिले. फुगडी नाही मिळाली. आईचा गातानाचा आवाज आता माझ्याकडे नाही, बाबू. तुझ्याकडे काकांचा आहे, म्हणून इतकं तळमळून लिहितोय.

आधी जागेचा हिशेब कर. ९० मिनिटांची कॅसेट सीडीच्या दर्जाने उतरवली तर ती १ जीबीच्याही आत बसते. तुझ्याकडे साठेक कॅसेट्स आहेत, म्हणजे सगळ्या मिळून ६० जीबीसुद्धा नाहीत. अगदी त्याहून वरच्या दर्जाने, २४ बिट, ९६ किलोहर्ट्झवर उतरवल्या तरी २०० जीबीच्या आतच. जत्रेतल्या नाटकांच्या मिनी-डीव्ही टेप (कॅमेऱ्याच्या छोट्या व्हिडिओ कॅसेट) तासाला १३ जीबी घेतात. तशा चाळीस धरल्या तर अर्ध्या टीबीच्या जरा वर. फोटो, घरातली बाकी चित्रणं, पुढच्या दहा वर्षांची भर, सगळं धरून ४ टीबी तुला पुरून उरेल. मोठ्या डिस्कला टीबीमागे पैसे कमी पडतात हे खरं, पण तुला टीबी नकोत, प्रती हव्यात. १६ टीबीच्या एका डिस्कचे पैसे ४ टीबीच्या तीन नव्या डिस्ककडे वळव: दोन तुझ्या घरच्या सर्व्हरमध्ये, म्हणजे फाइली साठवायला सतत चालू ठेवायच्या संगणकात, आणि तिसरी वेगळी ठेवायला. मला गेल्या वर्षी तशी एक दहा हजारांच्या आसपास पडली होती.

आता कुठली. ‘कधीच न बिघडणारी कंपनी कोणती’ हे तू विचारलंस, तशी कुठलीच नाही. बॅकब्लेझ ही अमेरिकेतली कंपनी लाखो डिस्क चालवते आणि कुठलं मॉडेल किती मेलं याचे आकडे गेली अनेक वर्षं जाहीर करते. २०२४ साली त्यांच्याकडे वर्षाला १.५७ टक्के डिस्क गेल्या. म्हणजे शंभरातली एखाद-दुसरी. फरक कंपन्यांपेक्षा मॉडेलांत जास्त दिसतो, एकाच कंपनीचं एक मॉडेल दगडासारखं टिकतं आणि दुसरं भराभर जातं. आणि बनवणारे तरी किती उरलेत? सीगेट, वेस्टर्न डिजिटल, तोशिबा, एवढेच तिघे.

कंपनीपेक्षा डिस्कवर माहिती कशी लिहिली जाते ते बघणं महत्त्वाचं. सीएमआर आणि एसएमआर असे दोन प्रकार आहेत. सीएमआरमध्ये प्रत्येक ट्रॅक, म्हणजे तबकडीवरची माहिती लिहायची गोल रेघ, आपल्या जागेवर, सुटा. एसएमआरमध्ये ट्रॅक एकमेकांवर चढवलेले, आपल्या घरावरच्या कौलांसारखे. त्यामुळे तेवढ्याच जागेत जास्त माहिती मावते आणि डिस्क स्वस्त पडते. पण मधलं एक कौल फुटलं की त्याच्यावर चढलेली कौलंही हलवावी लागतात, हे तुला सांगायला नको, दर मे महिन्यात तू तेच करतोस. एसएमआर डिस्कवर मधली थोडी माहिती बदलायची झाली तर तिला शेजारचा सगळा पट्टा पुन्हा लिहावा लागतो. एकदाच भरून ठेवून द्यायची असेल तर चालते. पण सर्व्हरमधली एक डिस्क मेली आणि नवी लावून तिच्यावर सगळं पुन्हा उतरवायला घेतलं, की तासांचं काम कित्येक दिवसांवर जातं, कधी सॉफ्टवेअर कंटाळून डिस्कच बाद करतं. २०२० साली वेस्टर्न डिजिटलच्या रेड मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर असल्याचं उघड झालं, खोक्यावर तसं लिहिलेलं नव्हतं. लोक चिडले, तेव्हा त्यांनी सीएमआरवाल्या डिस्कना ‘रेड प्लस’ असं वेगळं नाव दिलं. म्हणून नुसतं ‘रेड’ घेऊ नकोस. रेड प्लस, सीगेटची आयर्नवुल्फ किंवा तोशिबाची एन३००, या तिन्ही सीएमआर आहेत, तिन्हींना तीन वर्षांची वॉरंटी आहे. पाच वर्षांची ‘प्रो’ मालिका तुझ्या कामाला जास्तीची आहे.

साध्या संगणकाची डिस्क याहून स्वस्त मिळते, पण अनेक साध्या डिस्क एसएमआर असतात. शिवाय एखादा भाग वाचता येईना झाला तर अशी डिस्क बराच वेळ त्याच्याशी झगडत बसते आणि सर्व्हरला वाटतं ती मेलीच. सर्व्हरसाठीची डिस्क साधारण सात सेकंदांत ‘हे वाचता येत नाही’ म्हणून कळवते आणि सर्व्हर दुसऱ्या प्रतीवरून वाचून घेतो. या एका सवयीसाठी चार पैसे जास्त गेले तरी जाऊ देत.

सर्व्हरच्या दोन डिस्क दोन वेगळ्या कंपन्यांच्या घे. एकाच दिवशी, एकाच खोक्यातून आलेल्या दोन डिस्कमध्ये एकच खोट असली तर दोघी एकदमच आजारी पडू शकतात. बिल घेच, आणि अनुक्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून भारतातली वॉरंटी लागू आहे का ते बघ. या वर्षाच्या सुरुवातीला युरोपात सीगेटच्या वापरलेल्या डिस्क नव्या म्हणून विकल्याचं बाहेर आलं. विकणाऱ्यांनी चाललेले तास पुसून शून्य केले होते. पण सीगेटच्या डिस्कमध्ये ‘फार्म’ नावाची आणखी एक नोंद असते, तिथे खरे तास सापडले. डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या स्मार्टमॉनटूल्स या प्रोग्रामच्या नव्या आवृत्तीत ती वाचता येते, आपण दोघं मिळून बघू.

आणि डिस्क आली की लगेच काकांचा आवाज तिच्यावर टाकू नकोस. आधी ती पूर्ण लिहून, पूर्ण वाचून बघायची. बॅडब्लॉक्स या तपासणीच्या प्रोग्रामने लिहिण्या-वाचण्याच्या चारही फेऱ्या करायला ४ टीबीला अडीच-तीन दिवस लागतात, लागू देत. मग स्मार्टचे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिचे आकडे बघ: ५ नंबरवर खराब झाल्याने बदललेले सेक्टर (डिस्कचे छोटे तुकडे), १९७ वर वाचता न आल्याने बदलायची वाट बघत असलेले. दोन्ही शून्य हवेत. नव्या डिस्कवर यातलं काही वाढलं तर वाद न घालता परत कर. १९९, म्हणजे माहिती ने-आण करताना झालेल्या चुका, वाढत असेल तर बहुधा केबल सैल असते, डिस्कचा दोष नव्हे. पण या आकड्यांच्या भरवशावर झोपू नकोस. गूगलने २००७ साली एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास मांडला, त्यात मेलेल्या डिस्कपैकी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त डिस्कनी स्मार्टमधून कसलीच सूचना दिली नव्हती.

आपल्या गोव्याची खरी अडचण मात्र वेगळीच. उष्णतेची सगळे काळजी करतात, ओलीची कुणी नाही. २०१६ साली मायक्रोसॉफ्टच्या नऊ डेटा सेंटरमधल्या दहा लाखांहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तापमानापेक्षा हवेतल्या दमटपणाने डिस्क जास्त जातात, आणि जातात त्या मुख्यतः आतल्या तबकडीमुळे नव्हे तर कंट्रोलर (डिस्क चालवणारं सर्किट) आणि जोडण्यांमधल्या बिघाडामुळे, असं त्यात दिसलं. हे वाचलं आणि माझी डिस्क जुलैत का गेली असेल याचा मी पुन्हा विचार करायला लागलो. ती वर्षभर भिंतीतल्या कपाटात होती, त्याच कपाटातल्या पुस्तकांना दर पावसाळ्यात बुरशी येते.

तेव्हा सर्व्हर बाहेरच्या भिंतीला टेकवून किंवा जमिनीवर ठेवू नकोस. देवघराशेजारची आतली खोली बरी, तिथे भिंत ओल धरत नाही. आणि पावसात तो बंद ठेवू नकोस. चालू डिस्क भोवतालच्या हवेपेक्षा गरम राहते, त्यामुळे तिच्याजवळची हवा कोरडी राहते. डिस्कला पाचेक वॅट लागतात, वर्षाला एका डिस्कची ४४ युनिटं. यूपीएस मात्र हवाच. तुमच्याकडे पहिल्याच वादळी पावसात लाइट जाते, आणि लिहिता लिहिता वीज तुटणं फार वाईट.

दोन्ही डिस्कवर झेडएफएसचा (फाइली साठवायच्या एका पद्धतीचा) मिरर करू, म्हणजे दोन्हींवर सगळं सारखंच लिहिलं जाईल. त्यात प्रत्येक तुकड्याची पडताळणी-खूण साठवलेली असते, म्हणून दोन प्रतींपैकी बिघडलेली कुठली ते कळतं आणि चांगल्या प्रतीवरून ती दुरुस्त होते. महिन्यातून एकदा सगळं वाचून तपासायला लावायचं. पण मिरर म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून एक फाइल पुसलीस तर ती दोन्हीकडून त्याच क्षणी जाते. वीज पडली तर दोन्ही डिस्क एकाच पेटीत आहेत.

म्हणून तिसरी डिस्क माझ्या घरी राहील, फोंड्याला. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवीन, दाणे निळ्याचे गुलाबी झाले की पुड्या बदलीन, आणि दर तीन महिन्यांनी काढून सगळं वाचून बघीन. तू जत्रेला, लग्नाकार्याला इकडे येतोस तेव्हा नवी भर तिच्यावर टाकत जाऊ.

पुढच्या रविवारी मी साखळीला येतो. डिस्क तोवर मागवून ठेव, स्क्रू आणि केबल माझ्याकडे आहेत. आणि बाबू, ‘आषाढी’ असं काकांच्या अक्षरात लिहिलेली ती कॅसेट आहे ना, जिच्यात मध्येच पखवाज थांबतो आणि काका ‘पुन्हा घ्या रे’ म्हणतात, ती टेप डेकला लावायच्या आधी तिची फीत कोरडी आहे का बघ. बुरशी दिसली तर लावू नकोस, मी येईपर्यंत थांब.

काकूंना नमस्कार.

तुझा,
बाळू