शनिवारी अर्धवट लिखाणच आणा

सर्व बंधू-भगिनींना प्रभूच्या नावात सलाम.

येत्या शनिवारी सायंकाळी 5 वाजता चर्चच्या मागच्या खोलीत आपल्या लेखन-गायन गटाची बैठक आहे. या वेळी पूर्ण झालेलं काही नको. एखादं कडवं, दोन ओळींची चाल, नाताळच्या नाटिकेचा एखादा प्रवेश, असलं काही आणा. गेल्या वेळी तिघीजणी "अजून नीट जमलं नाही" म्हणत वही पिशवीतच ठेवून घरी गेल्या. कृपया तसं करू नका.

रेव्हरंड ना. वा. टिळक 1919 मध्ये गेले तेव्हा त्यांचं 'ख्रिस्तायन' हे ख्रिस्ताच्या जीवनावरचं काव्य अपुरंच होतं. ते पुरं केलं त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी, आणि त्यांना लिहिता-वाचता आलं तेच मुळी लग्नानंतर!

पहिल्या वाचनाला शुद्धलेखनाच्या चुका काढायच्या नाहीत. ही सूचना खास जुन्या सभासदांना आहे, मीही त्यातच आलो. आवडलेली एक ओळ तेवढी सांगायची. कुणाचंही कच्चं लिखाण किंवा गाणं मोबाइलवर रेकॉर्ड करून पुढे पाठवू नये.

पेटी आहे, तबला कुणीतरी आणावा. चहा गटातर्फे.

– सचिव