चेलोवादकाची कारकीर्द आणि ठाण्यातील लघुसभागृह

महोदय,

दहावी-बारावीच्या निकालांनंतर करिअरविषयक पुरवण्यांत वाद्यवादनाचा उल्लेख आलाच, तर तो एकल कलाकाराच्या प्रसिद्धीपुरता असतो. माझी मुलगी सहा वर्षांपासून चेलो (व्हायोलिनच्या घराण्यातील, बसून गजाने वाजवायचे मोठे वाद्य) शिकते आणि ‘ती स्टेजवर कधी दिसणार?’ हे आमच्या सोसायटीत मला इतक्यांदा विचारले गेले आहे की, या पेशाचे खरे स्वरूप मांडावेसे वाटते.

पाब्लो कासाल्स यांचेच पाहा. कॅटलोनियात १८७६ साली जन्मलेल्या या चेलोवादकाला तेराव्या वर्षी बार्सिलोनातील एका दुकानात संगीतकार बाखच्या चेलो सुइट्सची (एकट्या चेलोसाठीच्या रचनांची) प्रत सापडली आणि त्या रचना श्रोत्यांसमोर आणण्यापूर्वी त्यांनी सुमारे १२ वर्षे रियाझ केला. पुढे जगभर एकल वादनाची कीर्ती मिळूनही आल्फ्रेड कोर्तो (पियानो) आणि झाक तिबो (व्हायोलिन) यांच्याबरोबरचे त्रयीवादन त्यांनी वर्षानुवर्षे सांभाळले. १९६१ मध्ये, वयाच्या ८४व्या वर्षी, व्हाइट हाउसमध्ये वाजवतानाही कार्यक्रमात संगीतकार मेंडेलसनची त्रयी (तीन वाद्यांसाठीची रचना) होती. पूर्वी विद्यार्थ्याला उजव्या काखेत पुस्तक धरून गज ओढायला लावत. कासाल्स यांनी तो हात मोकळा केला. माझ्या मुलीच्या कोपराला तिचे गुरू रोज हलकेच वर उचलतात, ते याच परंपरेतून.

चेलोवादकाचा चरितार्थ बहुधा शिकवण्यावर आणि वाद्यवृंदातील कामावर चालतो, पण त्याचे कान तयार होतात ते चेंबर म्युझिकमध्ये, म्हणजे तीन-चार वादकांच्या छोट्या मेळाच्या वादनात. तेथे हातवारे करणारा संचालक नसतो. बैठकीत सारंगीवाला गायकाचा श्वास ओळखून गज फिरवतो, तसे वादकांनी एकमेकांना ऐकायचे असते. गेल्या वर्षी शहरातील एका सभागृहात मुलीच्या गुरुजींच्या चार वादकांच्या चौकडीचा कार्यक्रम झाला, तेव्हा व्यवस्थापकांनी चौघांसमोर माइक लावण्याचा आग्रह धरला आणि वर ध्वनियंत्रणेत प्रतिध्वनीही मिसळला. चेलोचा खालचा स्वर त्या गोंगाटात बुडाला आणि वादकांना एकमेकांचे ऐकू येईना.

असे वादन नीट ऐकायचे तर ठाणेकरांना मुंबईत नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रापर्यंत जावे लागते आणि परतताना शेवटच्या लोकलची चिंता असते. वास्तविक डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृहात लघुसभागृह आहे. महापालिकेने महिन्यातून एक आडवारची संध्याकाळ सवलतीच्या भाड्यात, ध्वनिवर्धकाविना होणाऱ्या वादनासाठी राखून ठेवावी आणि शहरातील संगीतशिक्षकांना ती आळीपाळीने द्यावी, अशी माझी विनंती आहे. त्याखेरीज लागतील त्या फक्त हात नसलेल्या साध्या खुर्च्या, कारण हाताच्या खुर्चीत बसून चेलोचा गज फिरवता येत नाही.

– एक पालक, घोडबंदर रोड, ठाणे